‘मंचि मंदु’ : सोलापुरातल्या एका संमतीपत्राचं प्रकरण

अक्कांना नागीण झाली ती संक्रांतीच्या आठवड्यात. डाव्या बरगडीखाली आधी आग, मग लाल पट्टा, मग पाण्याने भरलेले फोड. शेजारणीने पाहिलं आणि सांगितलं, विळखा पुरा झाला तर माणूस जातो, आधी उतरवून घ्या. उतरवणारा सोलापूरच्या पूर्व भागातच होता. त्याने गेरूचा लेप दिला, काहीतरी पुटपुटला आणि दोन दिवसांनी परत यायला सांगितलं. रोज सकाळी अक्का जी एक पिवळी गोळी घेत होत्या, ती त्यांनी आपल्या आपण थांबवली. ही गोळी बाजारातली नव्हती. एका औषध चाचणीतली होती.

रुग्णालयात त्या पोचल्या सहाव्या दिवशी. नागिणीवरचं विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग. फोड पसरले होते, दुखणं असह्य होतं, म्हणून भरती करून घेतलं. भरती केलं की ती नियमाच्या भाषेत ‘गंभीर प्रतिकूल घटना’ होते, आणि संशोधक डॉक्टरला ती घडल्यापासून २४ तासांत वर कळवावी लागते. एक प्रत आचार समितीकडे, म्हणजे चाचणीला मंजुरी देणाऱ्या आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या समितीकडे, येते. तशी ती माझ्यापर्यंत आली.

मी निवृत्त मराठी शिक्षिका. आचार समितीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक ‘सामान्य व्यक्ती’ असावी लागते. ती सामान्य व्यक्ती म्हणजे मी. रुग्णालयाचं नाव इथे येणार नाही. अक्कांची ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत, आणि एक-दोन गोष्टी आमच्यासमोर आलेल्या दुसऱ्या एका प्रकरणातून उचलून यात मिसळल्या आहेत.

अक्का ५२ वर्षांच्या. माहेर आणि सासर दोन्ही सोलापूरच्या पूर्व भागातलं, पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातलं. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर. अक्का बाराव्या वर्षापासून विड्या वळतात. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. हात चालते होते तेव्हा दिवसाला हजार सहज व्हायच्या. सहा वर्षांपूर्वी बोटांची पेरं सुजायला लागली. तपासणीत निघाला संधिवाताचा तो प्रकार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, रूमेटॉइड. सकाळी तासभर मूठ वळत नाही. पान कातरणं जमतं, पण वळलेल्या विडीचं तोंड मिटायला अंगठ्याचा जो जोर लागतो तो येत नाही. हजाराच्या चारशे झाल्या. उपचार म्हणजे आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक ॲसिड, अधूनमधून यकृताची तपासणी.

सहाही वर्षं उपचार करणारे डॉक्टर एकच. एके दिवशी ते म्हणाले, “अक्का, नवीन गोळी आली आहे. तुमचं नाव घालू का? गोळ्या, तपासण्या सगळं फुकट.”

या वाक्यात खोटं एक अक्षरही नाही. पुढे समितीने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी ते स्वतःहूनच जसंच्या तसं सांगितलं. पण माझ्या मते अक्कांची संमती इथेच झाली. पुढचं संमतीपत्र, सही, व्हिडिओ वगैरे त्या वाक्याची कागदपत्रं होती.

चाचणी साधी होती, म्हणजे ज्यांना कळते त्यांना साधी. जुनं मेथोट्रेक्सेट चालूच ठेवायचं आणि त्यावर एक गोळी द्यायची. तिघांतल्या दोघांना खरी, एकाला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती ते संगणक ठरवणार, आणि २४ आठवडे ते ना रुग्णाला कळणार ना डॉक्टरला. याला ‘दुहेरी अंध’ चाचणी म्हणतात. गोळी जॅक इन्हिबिटर या गटातली, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी, आणि नवीन रेणू, म्हणजे औषध म्हणून अजून बाजारात न आलेलं रसायन. त्यामुळे आधी छातीचा एक्सरे, क्षयाची तपासणी, दर भेटीला रक्त.

संमतीची नऊ मिनिटं

संमतीपत्र २२ पानांचं होतं आणि ते आमच्या समितीने मंजूर केलेलं होतं. त्यावर माझीही सही आहे. मंजुरीच्या वेळी मी त्यातल्या ३१ चुका दाखवल्या होत्या, बहुतेक ऱ्हस्वदीर्घाच्या. ‘यादृच्छिकीकरण’ (चिठ्ठी टाकल्यासारखा गट ठरवणं) हा शब्द बरोबर लिहिलाय ना हे मी दोनदा तपासलं. तो कोणाला कळेल का, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. चाळीस वर्षं वर्गात ‘समजलं का रे?’ विचारून मुलांच्या माना डोलवून घेतल्यावर निदान मला तरी तो पडायला हवा होता.

‘चाचणी’ हाच शब्द घ्या. अक्कांच्या लेखी चाचणी म्हणजे रक्ताची. तुम्ही चाचणीत भाग घेताय का, याचा अर्थ त्यांनी रक्त द्याल का असा घेतला, आणि रक्त तर त्या देतच होत्या. ‘अभ्यास’ म्हणजे डॉक्टर आणखी शिकणार, चांगलंच आहे. ‘दुहेरी अंध’ ऐकून मात्र मुलीने विचारलं होतं, याने डोळ्यांना काही होतं का? चाचणीच्या समन्वयक मॅडम हसून नाही म्हणाल्या आणि पान उलटलं. तिथे एक दार उघडं होतं, ते बंद झालं.

कंपनीने तेलुगू संमतीपत्रही पाठवलं होतं, आणि ते बघून आम्ही खूश झालो होतो. पण अक्का तेलुगू बोलतात, त्यांना ते वाचता येत नाही. मुलगी मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकलेली, तिलाही ती लिपी येत नाही. शिवाय आमचे वकील सदस्य पूर्व भागातलेच. त्यांनी तो मजकूर मोठ्याने वाचला आणि म्हणाले, ही हैदराबादच्या वर्तमानपत्रातली भाषा आहे, आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. मग मराठी पत्र वापरलं गेलं. नियम सांगतो की माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवी. समजणारी भाषा म्हणजे कोणती, याचं उत्तर सोलापुरात कागदावर मिळत नाही.

नवीन रेणूची चाचणी आणि दुर्बल गटातली व्यक्ती असेल तर २०१९ च्या नियमांनुसार संमतीची दृश्यफीत ठेवावी लागते. घटनेनंतर समितीने ती मागवली. नऊ मिनिटांची आहे. मॅडम वाचतात, स्पष्ट वाचतात, पानागणिक थांबून “समजलं का?” विचारतात. अक्का “व्हय” म्हणतात. मी मोजलं, चौदा वेळा. “काय समजलं ते सांगा बरं” असं एकदाही कोणी म्हणत नाही. नियमानुसार त्या पत्रात दोन वाक्यं असावी लागतात: औषध नसलेल्या गोळीचा उपचार म्हणून काही उपयोग होणार नाही, आणि खरी गोळीही अपेक्षित परिणाम देईलच असं नाही. दोन्ही नवव्या पानावर आहेत आणि दोन्ही वाचली गेली. अक्का दोन्हींना “व्हय” म्हणाल्या.

सातव्या मिनिटाला मुलगी आईकडे कलून तेलुगूत काहीतरी पुटपुटते. आम्ही बाकीच्यांनी ते आवाज म्हणून सोडून दिलं होतं. वकीलसाहेबांनी फीत मागे घ्यायला लावली. मुलगी म्हणते, “मंचि मंदु. डब्बुलु वद्दंट.” चांगलं औषध आहे, पैसे नकोत म्हणे. त्यानंतर अक्का अंगठा उठवतात.

२२ पानांचा सारांश चार शब्दांत. मुलीला दोष द्यायला मन होत नाही, तिने डॉक्टरांचंच वाक्य भाषांतरित केलं.

अंगठ्याशेजारी निःपक्ष साक्षीदाराची सही लागते, चाचणीशी संबंध नसलेल्या आणि चाचणीवाल्यांच्या दबावात नसलेल्या माणसाची. इथे सही होती वॉर्डातल्या मावशींची. मावशी भल्या आहेत, पण त्यांची हजेरी कोण मांडतं हे सगळ्यांना माहीत आहे. समितीत आवाज चढले ते या एका सहीवरून, कारण ही चूक बोट ठेवून दाखवता येत होती. बाकीचं सगळं नियमात बसत होतं आणि तरी फसलं होतं.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा प्रकल्प मुलींमध्ये सुरू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. तिथे आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या. लस चांगलीच आहे, आज जगभर दिली जाते. मावशींची सही पाहताना मला ते अधीक्षक आठवले.

हजार विड्या

समितीने मला आणि वकीलसाहेबांना अक्कांच्या घरी पाठवलं. विडी घरकुलातलं दोन खोल्यांचं घर, सुपात पानं, भिंतीला कॅलेंडर. त्यावर भेटींच्या तारखांना मुलीने गोल केले होते. संमतीपत्राची प्रत शिधापत्रिकेसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, घडीसुद्धा न मोडलेली.

मी विचारलं, “अक्का, या गोळीने काय होईल असं तुम्हाला वाटलं होतं?”

“हजार होतील वाटलं, बाई.”

“डॉक्टर तसं म्हणाले होते?”

“ते कशाला म्हणतील? पण नवीन गोळी आणली म्हणजे त्याच्यासाठीच की.”

आता याच्यासमोर चाचणीचं स्वतःचं माप ठेवा. या आजारातल्या औषध चाचण्यांत यशाची प्रचलित किमान पायरी अशी: दुखऱ्या आणि सुजलेल्या सांध्यांची संख्या २० टक्क्यांनी कमी व्हावी, आणि वेदना, दैनंदिन हालचाल, रक्तातली सूज असल्या पाच मापांपैकी तिनांत तेवढीच सुधारणा व्हावी. दहा सुजलेल्या सांध्यांचे आठ झाले आणि बाकीचं जुळलं, की त्या रुग्णाला औषध लागू पडलं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही बरेच जण ही पायरी गाठतात, कारण त्यांचं मेथोट्रेक्सेट चालू असतं, भेटी नियमित होतात, आणि दुखणं मुळात वरखाली होत असतं. संशोधनासाठी हे माप ठीकच आहे. पण ते आणि हजार विड्या यांची गाठ कुठेच पडली नाही. एका बाजूला टक्के, दुसऱ्या बाजूला हजारी, आणि मधे २२ पानं.

औषध नसलेल्या गोळीबद्दल मी नीट सांगितलं तेव्हा अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “खोटी गोळी द्यायला रिक्षाचे पैसे देऊन एवढ्या लांब बोलावतात होय?” वकीलसाहेबांना हसू आलं. मला आलं नाही. प्रश्न बिनतोड होता. ती रिक्षा अक्कांसाठी नव्हती, उत्तरासाठी होती. पुढच्या रुग्णांना ही गोळी द्यावी की नाही, या प्रश्नाच्या उत्तरासाठी. हे त्यांना कोणी असं सांगितलंच नव्हतं.

१९८२ मध्ये पॉल ॲपेलबॉम, लोरेन रॉथ आणि चार्ल्स लिड्झ या अमेरिकी अभ्यासकांनी मनोविकारांवरच्या संशोधनात भाग घेतलेल्या रुग्णांशी बोलून या गोष्टीला नाव दिलं. मराठीत ‘उपचाराचा भ्रम’ म्हणता येईल. चिठ्ठी टाकून गट ठरणार हे सांगूनही रुग्णांना वाटत होतं की आपल्याला काय द्यायचं ते डॉक्टर आपली प्रकृती बघूनच ठरवतील. रुग्ण अडाणी म्हणून हे होत नाही. आयुष्यभर डॉक्टर म्हणजे आपलं भलं बघणारा माणूस असा अनुभव असतो, आणि तोच माणूस त्याच खुर्चीत बसून आता दुसरंच काम करतोय हे खुर्चीकडे बघून कळत नाही. अक्कांचे डॉक्टर त्यांचे उपचारकर्तेही होते आणि संशोधकही. दर रुग्णामागे चाचणी चालवणाऱ्या केंद्राला, म्हणजे रुग्णालयाला, पैसे मिळतात. तो करार समितीपुढे असतो, त्यात चोरून काही नसतं. डॉक्टर मला म्हणाले, “मॅडम, मी तिचं वाईट चिंतलं का?” नाही चिंतलं. चाचणीमुळे अक्कांच्या रक्ताच्या तपासण्या गेल्या सहा वर्षांत झाल्या नव्हत्या इतक्या वेळेवर झाल्या, हेही खरं.

‘नागीण’ हा शब्द

अक्का सहा दिवस का थांबल्या? त्यांच्याकडे २४ तास चालणाऱ्या फोन नंबरचं कार्ड होतं.

पहिलं कारण त्यांनी सांगितलं: गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस, दवाखान्यात कोण असणार. ते वरवरचं होतं. दुसरं मुलीने सांगितलं. गोळी बंद केली हे कळलं तर रागावतील, आणि मग झालेल्या तपासण्यांचं बिल लावतील अशी भीती. संमतीपत्रात अगदी उलट लिहिलेलं आहे. चाचणीत इजा झाली तर जितके दिवस लागतील तितके दिवस, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, उपचार मोफत. केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्याने पुढच्या उपचारावर परिणाम होत नाही. पण जे फुकट मिळतं ते मर्जीवर असतं आणि मर्जी मोडली की वसूल होतं, हा अनुभव गरिबाला कागदापेक्षा जुना आहे.

तिसरं कारण आम्हीच शोधलं. दुष्परिणामांच्या यादीत, बाराव्या पानावर, लिहिलं होतं: ‘हर्पिस झोस्टर (विषाणूजन्य त्वचासंसर्ग)’. या गटातल्या गोळ्यांनी तो धोका वाढतो हे माहीत असलेलं आहे, म्हणून तर ते तिथे होतं. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या मज्जातंतूंत तो विषाणू दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती दबली की एका तंतूच्या वाटेने वर येतो. पट्टा सहसा एकाच बाजूला राहतो तो त्यामुळे. पण २२ पानांत ‘नागीण’ हा शब्द नव्हता. तेलुगू पत्रात ‘सर्पि’ नव्हता. अक्कांना झाली ती नागीण, आणि नागिणीचा दवाखान्याशी संबंध असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ऱ्हस्वदीर्घ तपासणाऱ्या बाईंनी, म्हणजे मी, हर्पिसचा ‘पि’ ऱ्हस्व केला होता. मूळ मसुद्यात तो दीर्घ होता.

समितीत काय ठरलं

संशोधकाचा विश्लेषण अहवाल १४ दिवसांत आला. त्याचा सूर असा की मेथोट्रेक्सेटनेही आणि मूळ आजारानेही नागीण होऊ शकते. शक्य आहे. समितीचं मत पडलं की चाचणीतल्या औषधाशी संबंध असण्याची शक्यता आहे. उपचार मोफत व्हावेत, भरपाईचा विचार व्हावा. आता ते सरकारी औषध नियामकाकडे आहे. गोळी लागू पडली नाही, हजार झाल्या नाहीत, ही मात्र नियमाच्या दृष्टीने इजा नाही. तो मुद्दा येतो तो उपलब्ध असलेला प्रचलित उपचार नाकारला गेला असेल तर, आणि इथे मेथोट्रेक्सेट चालू होतं.

एका बाबतीत मी भांडले. संमतीपत्रात ‘इतर उपचार उपलब्ध आहेत, डॉक्टरांशी बोलावे’ असं अर्ध्या ओळीत होतं. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला सल्फासॅलझीन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या जुन्या, स्वस्त गोळ्या देता येतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, एकट्या मेथोट्रेक्सेटने न भागलेल्या रुग्णांत हे तिघांचं त्रिकूट एटानरसेप्टच्या महाग इंजेक्शनपेक्षा कमी पडलं नव्हतं. अक्कांना ते कधी दिलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चाचणी संपल्यावर देणारच होतो. मी म्हटलं, आधी सांगायचं होतं, निवड त्यांची होती. एका सदस्यांना हे समितीच्या कक्षेबाहेरचं वाटलं. मला अजूनही वाटत नाही.

त्या केंद्रावरच्या सगळ्या सहभागी रुग्णांची संमती पुन्हा घ्यायची ठरलं. साक्षीदार बाहेरचा. पत्र एक रात्र तरी घरी न्यायचं. ‘दुहेरी अंध’ गेलं, त्या जागी ‘कोणती गोळी चालू आहे हे तुम्हालाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही’. ‘नागीण (सर्पि)’ ठळक अक्षरांत, पुढे ‘फोड दिसले की त्याच दिवशी फोन’. आणि पहिल्या पानावर, माहितीच्या आधी, एक रिकामी चौकट: या गोळीकडून तुम्हाला काय हवं आहे? उत्तर रुग्णाच्या शब्दांत लिहायचं, मग डॉक्टरांनी त्याखाली लिहायचं की ही चाचणी ते देऊ शकते का. कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर विचारलं की ही चौकट कोणत्या नियमात आहे. कोणत्याच नाही. पुन्हा संमती घेताना दोन रुग्ण बाहेर पडले, कंपनीची नाराजी त्यावरही होती.

अक्का त्याआधीच बाहेर पडल्या होत्या, तरी मुलीसोबत आल्या, ऐकत बसल्या. मुलगी या वेळी पानागणिक तेलुगूत सांगत होती, दुसऱ्या एका बाईंना. पाऊण तास लागला. मधेच अडून तिने मॅडमना विचारलं, “हे ‘संभाव्य’ म्हणजे होईल की होणार नाही?”

अक्का आता तीन जुन्या गोळ्यांवर आहेत, त्याच डॉक्टरांकडे. बरगडीखालचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पदर लागला तरी चमकतं म्हणतात. सहाशे होतात एखाद्या दिवशी. चाचणी दुसऱ्या शहरांत अजून चालू आहे, त्यामुळे कोणाला कोणती गोळी होती ती यादी बंद आहे. मी भेटले की त्या एकच विचारतात, “बाई, माझी खरी होती का खोटी?”